टिचकी

फेब्रुवारी सरत आला की धायरी फाट्यावरून गावाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कडेला माठ येऊन बसतात. रात्री कधीतरी टेम्पो रिकामा होतो आणि सकाळी फिरायला निघावं तर गवतावर तांबडे, काळे, नळ लावलेले, बिननळाचे असे सगळे ओळीनं मांडलेले दिसतात. मी तिथे पाच-दहा मिनिटं रेंगाळते. घ्यायचं काही नसतं. मला बघायची असतात ती घेणाऱ्यांची बोटं. माठ मनात भरला की माणूस त्याच्या गळ्यात हात घालून तो जरासा उचलतो, दुसऱ्या हाताचं मधलं बोट अंगठ्याखाली दाबतो आणि सोडतो. टण्ण. मान किंचित कललेली असते, डोळे कुठेच बघत नसतात. फोनवर तावातावानं बोलणारा माणूसही तेवढ्यापुरता गप्प होतो. आवाज बरा आला की मग भाव.

टिचकी हा शब्द मोठा नेमका आहे. तो उच्चारताना जीभ टाळूला जे करते तेच बोट माठाला करतं. आणि येणाऱ्या आवाजाला आपल्याकडे दोनच निकाल ठरलेले आहेत, खणखणीत आणि बद्द. खणखणीत आवाज निघतो आणि थोडा वेळ हवेत राहतो. बद्द आवाज निघाल्या जागी बसतो. पूर्वी चांदीचा रुपया फरशीवर टाकून बघत, तेव्हा खोट्या नाण्यालाही हेच विशेषण लागायचं. भांड्याला तडा असेल, मग तो केसाएवढा असो, वरून अजिबात न दिसणारा असो, नाद तिथे अडतो. सगळं अंग एकसंध असेल तरच ते सगळं थरथरतं. डोळ्यांनी तासभर न्याहाळून जे कळणार नाही ते बोटाच्या एका फटक्यात कानाला कळतं, याचं मला अजून नवल वाटतं.

ही टिचकी मी पहिल्यांदा नीट पाहिली ती सासूबाईंच्या हातची. लग्न होऊन नारायण पेठेतल्या घरी आले तेव्हा स्वयंपाकघराच्या फळीवर एक चिनी मातीची बरणी होती. खांदा तपकिरी, पोट दुधी, झाकणाच्या कडेला बारीकसा टवका. दर शनिवारी त्या ती खाली काढायच्या, ओल्या फडक्यानं पुसायच्या, कोरडी करायच्या आणि फळीवर परत ठेवण्याआधी तिला टिचकी मारायच्या. मला वाटायचं, हातचाळा असेल. मग एकदा त्यांनी सांगितलं. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. पोरांना घेऊन त्या उंचावरच्या नातेवाइकांकडे गेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर घरी आल्या तर स्वयंपाकघरात गुडघाभर गाळ. तांब्या-पितळेची भांडी गेली, पाट गेले, धान्याचे डबे कुठल्या कुठे. कोपऱ्यात ही बरणी गळ्यापर्यंत रुतून उभी, तोंडाला बांधलेला दादरा तसाच. लोणचं टाकून दिलं, बरणी सात पाण्यांनी धुतली आणि अंगणात नेऊन त्यांनी तिला टिचकी मारली. "वाजली गं," मला सांगताना त्या म्हणाल्या, "तोवर मी रडले नव्हते."

शेवटची काही वर्षं त्या टिचकी मारताना डावा तळहात बरणीच्या पोटाला टेकवून ठेवायच्या. हात टेकवला की नाद दबतो. मी एकदा बोललेही, "आई, हात काढा ना, म्हणजे ऐकू येईल." त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि बरणी फळीवर ठेवली.

नारायण पेठेतलं घर सोडून आम्ही धायरीला आलो तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. गाव महापालिकेत गेलं ते पुढे, २०१७ साली. बरणी रिक्षातून माझ्या मांडीवर आली. तेव्हा आमच्या गच्चीवरून धारेश्वराच्या टेकडीपर्यंत शेतं दिसायची. आता इमारतींच्या फटींतून टेकडी दिसते, आणि आभाळ स्वच्छ असेल तर पलीकडे सिंहगड आणि त्याच्यावरचा दूरदर्शनचा मनोरा. सगळीकडे पाया खणण्याची कामं. आधी काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली काळा दगड. पावसाळ्यात ट्रकच्या चाकांना लागलेली ती चिकट काळी माती मुख्य रस्त्यापर्यंत पसरते आणि सगळे तिला शिव्या देतात. मीही देत असे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या एका घराच्या पार्किंगमध्ये चाकं दिसली. विजेवर चालणारी चार चाकं, भिंतीला लावलेल्या फळ्यांवर मातीच्या वाट्या, कोपऱ्यात फ्रीजएवढी भट्टी. शिकवणाऱ्या ताई माझ्या मुलीच्या वयाच्या. तिथे सगळे त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही ताईच म्हणते, आणि त्या मला काकू. दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी मी तिथे जाते. या गोष्टीला आता सहा वर्षं होतील.

मातीशी माझी त्याआधीची ओळख दिवाळीतल्या किल्ल्याची. पुण्यात वाढलेल्या कुठल्याही पोराची असते तीच. विटांचे तुकडे, वर भिजवलेलं पोतं, त्याच्यावर चिखल, उतारावर पेरलेली मोहरी आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. चिखल थापताना हाताला येणारा गारवा माझ्या पंजांना आठवत होता. त्यामुळे पहिल्या दिवशी ताईंनी मातीचा गोळा हातात दिला तेव्हा मी निर्धास्त होते. चाकानं तो निर्धास्तपणा पाच मिनिटांत काढून घेतला.

चाकावर पहिलं काम माती मध्यावर आणण्याचं. वर्गात सगळे त्याला सेंटरिंगच म्हणतात. 'काकू, सेंटर झालं का?' हा प्रश्न मी पहिले दोन महिने ऐकला. गोळा चाकाच्या मध्यापासून तसूभर जरी सरकलेला असला तरी प्रत्येक फेऱ्याला हाताला धक्का बसतो. तो धक्का मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात जातो आणि हात मातीबरोबर हलू लागतो. हात हलला की माती आणखी हलते. कोपर मांडीवर घट्ट टेकवून, श्वास सोडत, नुसतं धरून ठेवायचं असतं. आणि मग एका क्षणी धक्के थांबतात. मध्यावर आलेली माती इतकी निवांत फिरते की ती फिरत नाहीशीच वाटते. चाकाचा घरघराट चालू असतो, हातांवरून पाणी ओघळत असतं आणि मधोमध तो ओला गोळा स्वस्थ उभा असतो. त्यानंतर अंगठा आत घालून भोक पाडायला मन धजत नाही. कितीदा मी तशीच बसून राहिले आहे. ताईंना हे माहीत आहे. त्या अशा वेळी दुसऱ्या चाकाकडे निघून जातात.

हा छंद पाण्याचाही आहे, आणि धायरीत पाणी टँकरनं येतं. त्यामुळे आमच्याकडे नळाखाली हात धुवायची पद्धत नाही. ओळीनं तीन बादल्या. पहिलीत हात बुडवायचे, दुसरीत विसळायचे, तिसरीत स्वच्छ करायचे. रात्रभरात माती खाली बसते, वरचं नितळ पाणी कुंड्यांना जातं आणि तळाचा गाळ प्लास्टरच्या लादीवर सुकवून पुन्हा मळायला घेतात. फसलेल्या वाट्या, कापून टाकलेले काठ, कोसळलेली भांडी, सगळं त्याच बादलीत. कच्च्या मातीला हा परतीचा रस्ता आहे. पूर्ण वाळलेली वाटीसुद्धा पाण्यात सोडली तर बुडबुडे काढत, पापुद्रे सोडत पंधरा-वीस मिनिटांत ढीग होऊन बसते. भट्टीत मात्र साधारण ६०० अंशांच्या आसपास मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं आणि तो रस्ता बंद होतो. त्यानंतर ती फुटेल, झिजेल, तिची खापरं होतील. चिखल कधी होणार नाही.

कच्च्या, एकदा भाजलेल्या आणि झिलईनंतर पुन्हा भाजलेल्या भांड्याचे तीन निरनिराळे आवाज असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाळलेल्या कच्च्या पेल्याला टिचकी मारली तर पुठ्ठ्याला मारल्यासारखं वाटतं. ९५० अंशांवर पहिली भाजणी झाली की तोच पेला कौलासारखा वाजतो, कोरडा, जरा उंच. मग झिलई चढवून १२४० अंशांपर्यंत नेला की त्यातून घंटेच्या जवळ जाणारा सूर येतो. माती तीच, आकार तोच (थोडा आटलेला), आणि बोटही तेच. भट्टी गुरुवारी लावायची नाही असा आमचा नियम आहे, कारण दुरुस्तीसाठी वीज त्या दिवशी जाते. शुक्रवारी लावलेली भट्टी रविवारी उघडते. तोवर कुणी झाकणाला हात लावायचा नाही.

माझा पहिला पेला भट्टीतून निघाला तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. निळसर करडी झिलई छान बसली होती, कान हाताला येत होता. मी टिचकी मारली. बद्द. ताईंनी मारली, तोच निकाल. तो पेला आम्ही तिघी-चौघींनी उजेडात फिरवून फिरवून पाहिला, काही दिसेना. शेवटी शाईचं पाणी भरून रात्रभर ठेवला. सकाळी बुडाशी, कान जिथे जोडला होता तिथून खाली, एक निळी रेघ उमटली होती. कान चिकटवताना पेल्याचं अंग जास्त सुकलं होतं आणि कान ओला होता. दोघं वेगवेगळ्या वेगानं आटले आणि मधे ताण राहून गेला. भट्टीनं तो ताण मोकळा केला. मला त्या दिवशी पेल्याचं वाईट वाटलं त्यापेक्षा जास्त आनंद झाला तो कानानं बरोबर सांगितल्याचा. आता माझे हात कान लावायच्या आधी दोन्ही तुकडे एकाच ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवतात.

कुंभार संत गोरोबाकाकांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. तेरला संत जमले होते, मुक्ताबाईनं विचारलं, काका, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती? काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे स्वस्थ बसले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं. गोष्ट ऐकताना मी नेहमी पक्क्यांच्या बाजूनं असे. चाकावर बसायला लागल्यापासून माझी बाजू बदलली आहे. कच्चं म्हणजे अजून पाण्याला ओळखणारं. त्याला अजून भिजता येतं, मोडता येतं, नव्या आकारात जाता येतं. नामदेव तिथून उठून औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकले. पक्क्या मडक्यांना कुठे जावं लागलं नाही. साठीच्या उंबऱ्यावर नवं काही शिकायला बसलेल्या बाईला ही गोष्ट अशी ऐकू येते. तिच्याकडे दुसऱ्या बाजूनं बघण्याचा हक्क मला आहे असं मी मानते.

तिसऱ्या वर्षी मला धायरीची माती हवीशी वाटू लागली. वर्गातली माती पिशवीत येते, परगावची असते, गुणाची असते. पण आपल्या पायाखाली जी आहे तिचं काय, हा किडा डोक्यात शिरला. जवळच एका जागी पाया खणत होते. तिथल्या मुकादमांना विचारून घमेलंभर काळी माती आणली. भिजवली, गाळली, निथळली, मळली. हाताखाली लोण्यासारखी. त्याच मऊपणात तिची खोड आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आटते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशा माझ्या वाटीला पडल्या. मग वाळू घातली, चाळलेली राख घातली. कुंभार मातीत राख, लीद घालतात ते कशासाठी हे तेव्हा हाताला कळलं. चौथ्या खेपेला दोन वाट्या भेगांशिवाय सुकल्या आणि पहिल्या भाजणीतून काळ्याच्या विटकरी तांबड्या होऊन निघाल्या. काळ्या रंगाखाली एवढं लोखंड लपलेलं होतं.

मी त्या टेबलावर ठेवल्या. चौथ्या रात्री स्वयंपाकघरातून 'टक्' असा आवाज आला. सकाळी पाहिलं तर एका वाटीच्या काठाशी नखाएवढा टवका उडालेला, आणि खळग्याच्या मधोमध पांढरा ठिपका. चुनखडी. आपल्या काळ्या जमिनीत चुन्याचे बारीक खडे असतात. भट्टीत ते भाजून कळीचा चुना होतो, आणि मग हवेतला ओलावा शोषून तो फुगतो, तोही सावकाश, दिवसांमागून दिवस, आणि एका रात्री वरचा पापुद्रा उडवून देतो. पुढचे दोन आठवडे ती वाटी अधूनमधून बोलत होती. मी ती टाकली नाही.

धायरीच्या मातीचं पुढे काय करायचं हे ताईंनी सुचवलं. त्यांच्याकडे सिरॅमिक कलावंत निर्मला पटवर्धन यांचं 'हँडबुक फॉर पॉटर्स' आहे, पानापानावर मातीच्या बोटांचे ठसे उमटलेलं. ते उघडून त्या म्हणाल्या, "काकू, भांडं करायला नसेल जमत, तर भांड्यावर चढवून बघू या." काळ्या बेसॉल्टची झीज होऊन बनलेली ही माती. जास्त आचेला ती वितळायला हवी. बारीक चाळणीतून दोनदा गाळून, खडे काढून, तिचं दाटसर पाणी केलं आणि त्यात चार पेले बुडवले. भट्टी उघडली तेव्हा पेले गूळ पाकात उतरल्यासारखे दिसत होते. गडद तपकिरी, काठाशी पातळ होऊन तांबूस, आत जवळजवळ काळे. ट्रकच्या चाकाला लागून रस्त्यावर येते ती हीच माती. आम्ही सगळ्या बराच वेळ काही बोललो नाही.

आणि मग ते वाजायला लागले. नव्यानं भाजलेली भांडी बाहेरच्या हवेला येतात तेव्हा आतली माती आणि वरची काचेसारखी झिलई दोन्ही आकसत असतात. झिलई जास्त आकसणारी असेल तर तिच्यावर केसासारख्या रेघा पडत जातात, आणि प्रत्येक रेघेला एक आवाज असतो. टिंग. मग थोडी शांतता. मग दुसऱ्या पेल्यातून टिंग, टिंग. न मारलेल्या टिचक्या. खाण्यापिण्याच्या भांड्याच्या दृष्टीनं हा दोषच, ताईंनी पुढच्या खेपेला मिश्रण सुधारलंही. पण त्या सकाळी चार पेले फळीवर ठेवून आम्ही चहा घेत ते ऐकत बसलो होतो. पावसाच्या सुरुवातीला पत्र्यावर एकेक थेंब पडतो तसं.

या छंदानं मला घराबाहेरही काढलं. बेळगावला भाचीकडे गेले तेव्हा मी मुद्दाम पुढे खानापूरला जाऊन आले. तिथली माती कुंभारकामाला आणि कौलांना नावाजलेली, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था तिथे आहे. येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात तर मी तीनदा गेले. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ एवढी वर्षं तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांचं गाव होतं. घरं, धान्याच्या कणग्या, कुंभाराची भट्टी सगळं सापडलं. त्या लोकांची भांडी जोर्वे पद्धतीची. प्रवरेकाठच्या जोर्वे गावात ती प्रथम ओळखली गेली म्हणून हे नाव. तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी, पोटाला एक ठसठशीत कोन, आणि लांब नळीसारखी तोटी. इनामगावात दगावलेली मुलं दोन घटांची तोंडं एकमेकांना भिडवून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. ते दोन घट काचेपलीकडे पाहिले तेव्हा मी बाकावर बसले. घट घडवणारे हात त्या घरातले होते की शेजारचे, याचाच विचार मनात येत राहिला.

जोर्वेच्या भांड्यांबद्दल लिहिताना अभ्यासक एक गोष्ट आवर्जून नोंदवतात. ती चांगली भाजलेली असल्यामुळे ठोकल्यावर धातूसारखी वाजतात. म्हणजे उत्खननात कुणीतरी माती झटकून टिचकी मारली असणार. इनामगावच्या कुणा बाईनंही भट्टीवरून भांडं उचलताना मारलीच असणार. काचेसमोर उभी असताना माझं मधलं बोट अंगठ्याखाली गेलं होतं.

माठ घ्यायला मी मुंढव्याला, केशवनगरच्या कुंभारवाड्यात जाते. धायरीहून ते शहराचं दुसरं टोक. तिथे दारादारांत मडकी, पणत्या, चुली, कुंड्या. सुगडं संक्रांतीची, घट नवरात्राचे, करा-केळी अक्षय तृतीयेची, आणि वर्षभर लागणारं ते शेवटचं मडकंसुद्धा तिथलंच. आमच्या घरचा एकही सण कुंभाराच्या दाराशी गेल्याशिवाय पुरा झालेला नाही, हे मला वयाची पन्नाशी उलटल्यावर, स्वतः माती हातात घेतल्यावर जाणवलं. इतकी वर्षं मी सुगडं मोजून घेत होते, वळून पाहत नव्हते.

माझा छंद आणि त्यांचं काम यांत अंतर आहे, आणि ते मी विसरत नाही. माझा बद्द पेला टेबलावर पेन ठेवायला झाला. त्यांच्या आव्यातला बद्द माठ म्हणजे तेवढी माती, तेवढं सरपण आणि तेवढा दिवस गेला. माझ्या पेल्याला हौशी लोक जे पैसे मोजतात त्यात त्यांचे कितीतरी माठ येतील. माझा पेला पाणी गार करत नाही. तो पक्का काचेसारखा झालेला असतो, त्याच्यातून थेंब पाझरत नाही. माठाच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, पाणी बाहेर येतं, वाळतं आणि वाळताना आतलं पाणी गार करतं. एप्रिलातल्या पुण्याच्या कोरड्या हवेत तो जसा गार करतो तसा दमट कोकणात करत नाही. माठ भाजण्यातलं कसब त्या छिद्रांत आहे. कमी भाजला तर विरघळेल, जास्त भाजला तर पाझरणार नाही. थर्मामीटर नसलेल्या आव्यात ते साधायचं. माझ्या भट्टीला आकडे दाखवणारी पेटी आहे.

दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका मावशींकडून काळा माठ घेत होते. मी सवयीनं टिचकी मारली, मला चांगला वाटला. मावशींनी माठ माझ्या हातातून घेतला. "ताई, एका ठिकाणी मारून काय कळणार? समद्या अंगाला वाजवावं." त्यांनी खांद्याला मारली, पोटाला दोन बाजूंनी मारली, मग माठ कलता करून बुडाशी मारली. "गळ्याशी गातोय. बुडाशी गप हाय." मला दोन्ही आवाज सारखेच वाटले होते. त्यांनी तो माठ बाजूला ठेवला, म्हणाल्या, त्यात झाड लावा, पैसे नकोत, आणि मागच्या ओळीतला दुसरा काढून दिला. पहिल्या माठात आमच्या गच्चीवर आता गवती चहा आहे.

मला दोन्ही आवाज सारखे वाटले त्याचं कारण मागच्या वर्षी कळलं. बारीक, उंच आवाज मला कमी येतात. वयाबरोबर आधी तेच जातात, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यानंतरच्या रविवारी भट्टी उघडली आणि वर्गातल्या कॉलेजच्या मुली एकदम गप्प होऊन फळीकडे पाहायला लागल्या. "काकू, वाजतायत," एक जण हळूच म्हणाली. मला काही येत नव्हतं. मी जवळ जाऊन एक पेला उचलला. अजून कोमट होता. दोन्ही तळव्यांत धरला आणि थोड्या वेळानं तळहाताला जाणवलं, एक अगदी छोटा झटका, मुंगी चावल्याएवढा. मग आणखी एक. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "आत्ता वाजला ना?" मी विचारलं. ती हो म्हणाली.

घरी येऊन मी फळीवरची बरणी खाली काढली. डावा तळहात तिच्या दुधी पोटाला टेकवला आणि टिचकी मारली. नाद दबला. तळहाताखाली बरणी थरथरली, सगळीच्या सगळी, कुठेही न अडता. सासूबाई शेवटची काही वर्षं काय ऐकत होत्या ते त्या दिवशी मला समजलं, आणि मी त्यांना हात काढायला सांगितलं होतं.

आता फेब्रुवारी सरत आला आहे. आणखी आठवड्याभरात फाट्यावर माठ येतील. घ्यायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा. एकाच जागी टिचकी मारून भाव करू नका, खांद्याला मारा, पोटाला मारा, बुडाशी मारा आणि विकायला बसलेल्या बाईलाही मारायला सांगा. आणि रस्त्यावर गाड्यांचा फार गलका असेल तर दुसऱ्या हाताचा तळवा माठाला टेकवून ठेवा.